घरचा हॉट टब, विहिरीचं लोहाचं पाणी आणि चवथीनंतरचं पुरळ : डिचोलीचा अनुभव

तांबडी माती (डिचोली) | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार. धागा लांबेल, पण हा विषय घाईत लिहिण्यासारखा नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसून पाय हलवायला सांगितलं आणि तिला त्याने खरंच आराम पडतो. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुमारास जुन्या न्हाणीशेजारी पडवीत १२०० लिटरचा टब बसवला. आमच्याकडे सगळे त्याला जकूझीच म्हणतात. बसवणाऱ्याने क्लोरीन पावडरचा डबा आणि तपासणीच्या पट्ट्यांची बाटली हातात दिली आणि सांगितलं, "आठवड्याला दोन चमचे टाका, पाणी नितळ दिसलं की झालं." यातलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

पहिला फटका विहिरीने दिला. आमची विहीर बारमाही, पाणी इतकं नितळ की तळाचा दगड दिसतो. त्याच पाण्याने रात्रभर टब भरला. सकाळी पाणी काचेसारखं होतं. दोन चमचे पावडर टाकून पंप चालू केला. आधी जेटच्या तोंडाशी पिवळी छटा आली, ती धाग्यासारखी फिरत गेली, आणि दहा मिनिटांत अख्खा टब कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. मी घाबरून अजून पावडर टाकली, तर रंग आणखी गडद! आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, ह्या पाण्याचा चहा काळपट होतो, पांढरे कपडे पिवळे पडतात, हे काय तुला ठाऊक नाही?" ठाऊक होतं. पण टबाशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. क्लोरीन पडलं की ते गंजासारखं होऊन बाहेर येतं. ते पाणी सोडून द्यावं लागलं, फिल्टर लाल झालेला, अॅक्रिलिकवर पाण्याच्या रेषेला तांबडा पट्टा. तो पट्टा काढायला लिंबाचा रस आणि मऊ फडकं घेऊन दोन संध्याकाळी बसलो.

दुसरी गोष्ट गेल्या महिन्यात चवथीला घडली आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. घर भरलेलं, मुंबईहून बहीण तिच्या मुलांना घेऊन आलेली. दोन दिवसांत नऊ माणसं टबात बसून गेली, मुलं तर बाहेर यायलाच तयार नाहीत. माटोळी बांधणं, नैवेद्य, आरत्या या गडबडीत पट्टी कोणी बुडवली नाही. पाणी मात्र नितळ. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या मांड्यांवर आणि कमरेला, चड्डीखाली जिथे ओलं कापड चिकटून बसतं नेमकं तिथे, लाल पुटकुळ्या उठल्या. मग भाचीला. डॉक्टरांनी बघताच विचारलं, "घरात टब आहे का?" स्यूडोमोनास नावाचा जीवाणू, केसांच्या मुळांना दाह करतो. आठवड्याभरात पुरळ आपोआप गेलं. पण दोन्ही लेकरं रात्रभर खाजवत होती ती माझ्या घरच्या पाण्याने.

त्या रात्री एका जेटचं तोंड फिरवून काढलं आणि आत बोट घातलं. बोटाला बुळबुळीत थर लागला, शेवाळ्यासारखा पण रंग नसलेला. पट्टी बुडवली तर क्लोरीनचा चौकोन पांढराफटक, म्हणजे शून्य.

आता रोज तपासतो. माझे प्रश्न असे : विहिरीचं पाणी टबात घालण्याआधी लोह कसं काढता? पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) एका दिवसात वर जातो तो कशाने? आणि पाणी किती दिवसांनी बदलता? ज्यांच्याकडे टब आहे त्यांनी लिहाच.

माडाखालची (म्हापसा) | रविवार, रात्री ९.५२

मुलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे अस्नोड्याचं नळाचं पाणी, त्यामुळे लोहाचा त्रास नाही. पण पीएचचं दुखणं अगदी तेच. संध्याकाळी ७.४ करून झोपावं तर दुसऱ्या दिवशी ८ च्या पुढे. आम्ही दर दोन दिवसांनी आम्ल टाकतो नि ते परत चढतं. कंटाळा आला आहे.

आणखी एक, फेस. जेट लावले की साबणाचं पाणी असावं तसा फेस.

निवृत्त प्रयोगशाळा (फोंडा) | रविवार, रात्री १०.३५

तांबडी माती, तुम्ही ओळीने सगळं लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. माझी ३१ वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात गेली, घरी सहा वर्षं टब आहे.

आधी आपल्या विहिरी समजून घेऊ. गोव्यात बहुतेक ठिकाणी जांभा. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली जातं, जांभ्यात चुनखडी जवळजवळ नाही, त्यामुळे त्याने झालेलं आम्ल मारायला वाटेत काही भेटत नाही. म्हणून आपल्या विहिरींचं पाणी मऊ, थोडं आम्लधर्मी, पीएच ६ च्या आसपास, आणि जिथे खनिज आहे तिथे लोह. डिचोली-सत्तरीत याचं नवल वाटायला नको. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की डाग पडायला लागतात. कोरा चहा काळपट होणं ही तुमच्या आईंची परीक्षा अगदी बरोबर आहे, चहातलं टॅनिन आणि लोह मिळून शाईसारखा रंग येतो.

आता पीएच का चढतो. जेट पाण्यात हवा घुसवतात, पाणी गरम असतं, त्यामुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच आपोआप वर जातो. सोड्याची बाटली उघडून ठेवली की तिचा चुरचुरीतपणा जातो, तसंच. म्हणून नवीन विहिरीच्या पाण्याचा पीएच ६ दिसला तरी लगेच धुण्याचा सोडा ओतू नका. तासभर जेट चालवा, मग मोजा. अर्धं काम हवा करते.

माडाखालची, तुमच्याकडे अल्कलिनिटी जास्त असणार. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद. ती फार कमी असली तर पीएच थोड्याशा कारणाने उड्या मारतो, फार जास्त असली तर तो सतत वर खेचला जातो. सर्वसाधारण शिफारस ८० ते १२० पीपीएमची (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) असते. मी टबासाठी ८० च्या जवळ ठेवतो, चढण मंद होते. आम्ल टाकून पीएच ७.२ वर आणलात आणि लगेच जेट लावून परत चढू दिलात, असं तीन-चार वेळा केलंत की अल्कलिनिटी खाली येते. मग पीएच शांत होतो.

तांबडी मातींचं उलट आहे, त्यांची अल्कलिनिटी मुळात २०-३० असेल. ती खाण्याच्या सोड्याने वाढवायची. १००० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला साधारण १७ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे १२०० लिटरला ५० पीपीएम वाढवायचं तर १०० ग्रॅम. वजन करून, बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून टाका. चमच्याच्या हिशोबाने चालू नका, चमचे प्रत्येक घरात वेगळे.

क्रम महत्त्वाचा. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, शेवटी क्लोरीन. कारण क्लोरीनमधला मारणारा भाग हायपोक्लोरस आम्लाचा, आणि तो पीएचवर अवलंबून. पीएच ७.५ ला साधारण निम्मा भाग कामाचा, ८ ला पाव-एक. पट्टी ४ पीपीएम दाखवत असली तरी पीएच ८ ला त्यातलं बरंचसं नुसतं बसून असतं.

वाळपईची नर्स | सोमवार, सकाळी ७.०५

ड्युटीवर जाताना लिहिते आहे. गावात नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट आम्ही करतो, थेंब टाकला की पिवळा रंग येतो. बऱ्याच जणांकडे टबासाठी तीच किट असते. लक्षात ठेवा, ओटीचा पिवळा रंग एकूण क्लोरीनचा असतो. घाम, लघवी, त्वचेचे कण यांच्याशी जुळून बसलेलं, म्हणजे वापरून झालेलं क्लोरीनही त्यात मोजलं जातं. नळाला ते चालतं, कारण तिथे घाण फारशी नसते. टबात माणसं बसतात. तिथे मोकळं क्लोरीन कळायला हवं. त्यासाठी डीपीडीची किट घ्या, गुलाबी रंग येतो, किंवा चांगल्या पट्ट्या.

ज्या टबाला जलतरण तलावासारखा उग्र वास येतो त्यात क्लोरीन जास्त झालंय असं लोक समजतात आणि कमी टाकतात. तो वास वापरून झालेल्या क्लोरीनचा. तिथे अजून हवं असतं.

अमेरिकेच्या सीडीसीची (सरकारी रोगनियंत्रण केंद्राची) शिफारस हॉट टबसाठी मोकळं क्लोरीन कमीत कमी ३ पीपीएम, ब्रोमीन असेल तर ४ ते ८, पीएच ७ ते ७.८ अशी आहे. आणि तापमान ४० अंशांच्या वर कधीच नाही. बीपी, हृदयरोग, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नये. तुमच्या आईंना एका वेळी १५ मिनिटं पुरे, आणि उठताना कोणीतरी हात धरायला असू द्या, गरम पाण्यातून उठल्यावर चक्कर येते.

पेडण्याचा वारा | सोमवार, दुपारी २.२०

मी भाड्याच्या बंगल्यांची देखभाल करतो, चार बंगल्यांत टब आहेत. दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

एक, टीसीसीएच्या (ट्रायक्लोर क्लोरीनच्या) गोळ्या टबात टाकू नका. तलावाला त्या चालतात म्हणून आम्हीही सुरुवातीला तरंगत्या डबीत घालून सोडल्या. त्यांचं पाणी फार आम्ल असतं, पीएच ३ च्या आसपास, आणि टब लहान, गरम. डबी जिथे जाऊन चिकटायची तिथे टबावर पांढरा डाग. नऊ महिन्यांत हीटर गेला, उघडला तर आतली नळी खाऊन चाळण झालेली.

दोन, टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका जागी आणू नका. आमच्या एका मुलाने एकाच मगाने आधी एका डब्यातून, मग दुसऱ्यातून पावडर काढली. मगात तळाला चिमूटभर उरलं असेल. आधी चर्र आवाज, मग धूर, डोळे उघडवेनात. मी मग अंगणात भिरकावला. घसा दोन दिवस जळत होता. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आलं तरी तोच विषारी वायू. तेव्हापासून प्रत्येक डब्याला वेगळं माप, दोरीने डब्यालाच बांधलेलं, आणि दोन कपाटं दोन खोल्यांत. मुसळधार पावसात ह्या खोल्यांत ओल येते, तेव्हा तर जास्तच जपा.

खारट वारा (काणकोण) | सोमवार, संध्याकाळी ६.४०

सगळं वाचलं. एक मनापासून विचारतो. आमचे आजोबा दरवर्षी राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचे, वज्रेश्वरीला तर किती लोक जातात. तिथे क्लोरीन नाही, पट्ट्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोक गरम पाण्यात बसले. मग घरच्या टबालाच एवढी रसायनं कशाला? रोज आईला ह्या पाण्यात बसवायचं तर रसायन जितकं कमी तितकं बरं, असं मला वाटतं.

निवृत्त प्रयोगशाळा (फोंडा) | सोमवार, रात्री ८.१५

खारट वारा, प्रश्न योग्य आहे. फरक वाहण्याचा आहे. कुंडात पाणी खालून येत राहतं आणि कडेने निघून जातं, तुमच्या अंगाचा मळ काही वेळाने तिथे नसतो. टबात आज बसलात तेच पाणी उद्या, तेच पुढचे पन्नास दिवस. वर ३६-३८ अंशांची ऊब, म्हणजे जीवाणूंना जणू अंडी उबवायची पेटी. आणि कुंडातही लोक आजारी पडत नव्हते असं नाही, आपण त्याची नोंद ठेवत नव्हतो.

पुरळ तसं किरकोळ. खरी भीती लेजिओनेलाची. हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंशांत वाढतो, पाइपांतल्या त्या बुळबुळीत थरात लपून राहतो, आणि जेटच्या तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. पाणी तोंडात जायलाच हवं असं नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात एक टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता. त्यात कोणी बसलंसुद्धा नव्हतं. शेजारून चालत गेलेल्या लोकांना लागण झाली, ३० हून जास्त माणसं दगावली. बळी पडतात ती बहुतेक वयस्कर माणसं. आईंसाठीच टब घेतला आहे ना, तर त्यांच्यासाठीच ३ पीपीएमच्या खाली क्लोरीन जाऊ देऊ नका. कमी रसायन हवं असेल तर त्याचा खरा मार्ग आहे, घाण कमी आत जाऊ द्या. न्हाणीत अंग धुऊन मगच टबात.

ओझोन आणि यूव्ही लावलेत तर क्लोरीन कमी खर्च होतं, पण ते पाइपात एका जागी काम करतात, बसलेल्या माणसाभोवतीच्या पाण्यात त्यांचं काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे क्लोरीन लागतंच.

खारट वारा (काणकोण) | सोमवार, रात्री ८.३१

पटलं. तुषारांचं मला माहीतच नव्हतं. धन्यवाद, काका.

माडाखालची (म्हापसा) | सोमवार, रात्री ९.००

फेसाचं कारण सापडलं! सासूबाई रोज डोक्याला खोबरेल लावून टबात बसतात. वर पोहण्याचे कपडे वॉशिंग मशीनमधून येतात, त्यात साबण उरतो. कालपासून केस धुऊन किंवा वर बांधून बसायचं आणि कपडे नुसत्या पाण्यात खळबळवायचे असं ठरवलं. सासूबाईंना सांगायला मला अवघड जात होतं, पण त्या म्हणाल्या, "अगो, आधी सांगायचं ना." टेनिसचा एक नवा चेंडू पाण्यात सोडून ठेवलाय, त्याची लव तेल ओढून घेते, सकाळी तो तुपकट झालेला असतो.

तांबडी माती (डिचोली) | मंगळवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस टबाजवळच होतो, जसं केलं तसं लिहितो.

आधी पाइप धुण्याचं द्रव जुन्याच पाण्यात टाकून तासभर जेट चालवले. जेटांतून जे बाहेर आलं ते बघवत नव्हतं, करडे-तपकिरी पापुद्रे आणि वर फेस. मग मेन स्विच बंद केला (हीटर कोरडा चालला तर जळतो, आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आहे म्हणून पाण्यात हात घालून चालत नाही), पाणी सोडलं, टब पुसला, पुन्हा थोडं भरून खळबळून तेही सोडलं. फिल्टर नवाच घातला, जुन्याच्या घड्यांत लोह इतकं बसलं होतं की पाण्याच्या जोराने निघेना.

पाणी सोडायचं कुठे, हे इथे कोणी विचारलं नाही पण महत्त्वाचं आहे. आमच्या मागे कुळागर. क्लोरीनचं पाणी पोफळींच्या आणि मिरवेलींच्या मुळात सोडायचं नव्हतं. नंतर खळबळायला घेतलेलं पाणी झाकण काढून उन्हात ठेवलं, पट्टी शून्य दाखवेपर्यंत थांबलो, मग माडांच्या आळ्यांत फिरवून फिरवून सोडलं. विहिरीपासून लांब. त्याआधीचं, पाइप धुतलेलं पाणी मात्र शोषखड्ड्यात.

भरायचं पाणी यावेळी आधी २०० लिटरच्या दोन ड्रमांत घेतलं. खाण्याचा सोडा थोडा टाकून पीएच साडेसातच्या जवळ आणला, मत्स्यटाकीचा हवा सोडणारा लहान पंप काही तास चालवला. पीएच वाढला की लोह हवेनेसुद्धा लवकर गंजतं, काकांनी फोनवर सांगितलं होतं. मग ड्रमच्या तळाला हळदीसारखा थर. वरचं पाणी ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून टबात. असे तीन घाणे झाले. वेळखाऊ आहे, पण टबात क्लोरीन टाकल्यावर पाण्याचा रंग बदलला नाही, तेव्हा आई आणि मी दोघं काठावर उभे राहून बघत होतो. लोह काढायचा कायमचा फिल्टर टाकीच्या लाइनवर बसवायचा विचार आहे, तोवर ड्रम.

आता एक शंका. ड्रमात आधीच सोडा गेला होता, म्हणून टबात थोडाच टाकला, अल्कलिनिटी ८० झाली. कॅल्शियम मात्र पट्टीवर जेमतेम ३०-४०. मऊ पाणी हीटर खातं म्हणतात. टाकू का?

निवृत्त प्रयोगशाळा (फोंडा) | बुधवार, सकाळी ६.५०

टाका. १५० च्या आसपास न्या. कॅल्शियम क्लोराइडचे ते खडे मिळतात, १००० लिटरला १० पीपीएमसाठी सुमारे १५ ग्रॅम. तुम्हाला ११० वाढवायचं तर २०० ग्रॅमच्या आत-बाहेर. विरघळताना बादली चांगलीच तापते, हात घालू नका. आणि सोडा टाकल्यावर लगेच टाकू नका, दोन्ही एकदम पडलं तर पाणी दुधट होतं. एक रात्र जाऊ द्या.

आणखी एक. तुमच्या डब्यातली पावडर बहुधा डायक्लोर आहे, डब्यावर ५६ टक्के लिहिलं असेल. सुरुवातीला ठीक. १२०० लिटरला ३ पीपीएमसाठी साडेसहा ग्रॅम पुरते. पण तिच्याबरोबर सायन्युरिक आम्ल पाण्यात साठतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम, आणि ते उडून जात नाही. ते वाढलं की क्लोरीन मंदावतं, पट्टी ४ दाखवेल पण काम होणार नाही. सीडीसी तर टबात ते वापरूच नका म्हणते. म्हणून पहिले काही दिवस डायक्लोर आणि पुढे पातळ सोडियम हायपोक्लोराइट. १० टक्क्यांचं असेल तर ३ पीपीएमला ३६ मिलिलिटर. लहान कॅन घ्या, आपल्या उकाड्यात महिन्याभरात त्याचा जोर कमी होतो. सुगंधी, फेसाळ फिनेलवाली बाटली चालणार नाही.

पाणी बदलायचा हिशोब : लिटरला १२ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने. १२०० लिटर, रोज दोघं, म्हणजे ५० दिवस. चवथीसारखे दिवस आले की तो आकडा धरून बसू नका. पाहुणे गेल्यावर सरळ बदला.

पेडण्याचा वारा | बुधवार, सकाळी ९.१५

फिल्टर आठवड्याला पाण्याच्या जोराने धुवा, महिन्याला फिल्टर साफ करायच्या औषधात भिजवा. आणि वीज. आमच्याकडे जून-जुलैत सहा-सात तास जाते. पंप बंद, पाणी उभं, क्लोरीन संपतं. वीज आली की आधी पट्टी, मग क्लोरीन, पंप तासभर, आणि मगच माणूस. क्लोरीन टाकल्यावर झाकण वीसेक मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर वाफ झाकणाचा आतला कागद खाते.

वाळपईची नर्स | बुधवार, दुपारी १.४०

पट्ट्यांच्या बाटलीबद्दल राहिलं. पावसाळ्यात ओल्या हाताने पट्टी काढली तर उरलेल्या सगळ्या बाद होतात, चौकोन आधीच रंगलेले दिसतात. कोरड्या हाताने एक काढा, झाकण लगेच घट्ट. बाटली टबाजवळ ठेवू नका, स्वयंपाकघरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. आणि बाटलीवरची तारीख बघा.

भाचरं बरी आहेत ना आता?

तांबडी माती (डिचोली) | बुधवार, संध्याकाळी ६.५५

बरी आहेत ताई, डागही गेले. बहिणीला हा धागा पाठवला आहे.

बाटली आजच कपाटात हलवली. डब्यावर ५६ टक्केच लिहिलं आहे. कॅल्शियम उद्या सकाळी, काका म्हणाले तसं. आत्ताची पट्टी पंधरा सेकंद धरून बघितली. पीएच ७.४, अल्कलिनिटी ८०, मोकळं क्लोरीन ४. पाणी ३७ अंश. न्हाणीत चुलीवरच्या भाणातलं ऊन पाणी घेऊन आईने अंग धुतलं, आता टॉवेल खांद्यावर टाकून पायरीवर बसली आहे आणि "झालं का रे तुझं बघून" असं दुसऱ्यांदा विचारते आहे. हात धरायला जातो.